वनौषधींच्या क्षेत्रात गौरव नेमका कोणाचा करायचा?

खलबत्ता (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

वनौषधींशी पोटापाण्याचा किंवा अभ्यासाचा संबंध असलेले आम्ही काही पुणेकर एक छोटा गौरवसमारंभ करायच्या विचारात आहोत. दोन वैद्य आहेत, आसवारिष्टं बनवणारे एक लहान कारखानदार आहेत, फार्मसी कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, आणि मी. प्रायोजक घ्यायचा नाही, खर्च आम्हीच वाटून घेणार. हॉल सदाशिव पेठेत मिळाला तर उत्तम, नाहीतर कोथरूड. एप्रिलमधला एखादा रविवार धरून चाललोय.

नावं काढायला बसलो आणि तिथेच अडलो. पहिल्या बैठकीत पुढे आलेली सगळी नावं मोठ्या उलाढालीच्या मालकांची होती. त्यांच्याबद्दल आकस अजिबात नाही. शेकडो घरांच्या चुली त्यांच्यामुळे पेटतात. पण त्यांना हार घालायला बाकीचे आहेतच. शिवाय आमच्यातल्या एकांना मध्यंतरी कुठूनसा फोन आला होता : 'पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, तेवढं नोंदणी शुल्क भरा.' असल्या वाटेला आम्हाला जायचंच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या कामावर विसंबून पुढच्या माणसाला निर्धास्त पाऊल टाकता आलं, तो मानकरी. या मापाने माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते मनसुख वाणी यांचं. १९२५ साली नंदुरबारला जन्म, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या जोडीने त्यांनी काम केलं. १९६६ साली एका चिनी झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना या गटाने प्रसिद्ध केली आणि १९७१ साली पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची. आज कर्करोगाच्या वॉर्डात पॅक्लिटॅक्सेलची सलाईन लागते, ते हेच टॅक्सॉल. इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं कॅम्प्टोथेसिनवरूनच बेतलेली. वाणी २०२० साली गेले. आपल्याकडच्या किती फार्मसी कॉलेजांत मुलांना सांगतात, की हा माणूस आपल्या खानदेशातला?

गेलेल्यांचं स्मरण आणि हयात असलेल्यांचा सत्कार, असं दोन्ही करायचं आहे. तुम्हाला कोण आठवतं? नुसतं नाव नको, का तेही लिहा.

रानवाट

खलबत्ताजी, वाणींचं नाव वाचून बरं वाटलं. पण त्या गोष्टीत त्यांच्या आधी एक माणूस येतो आणि नंतर एक झाड येतं. दोघांचीही नोंद इथे असायला हवी.

माणूस म्हणजे आर्थर बार्कले. अमेरिकेच्या कृषी खात्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ. १९६२ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात त्याने त्या यू झाडाची साल, पाला, फळं गोळा केली. कर्करोगावर उपयोगी पडतील अशा वनस्पती हुडकायची सरकारी मोहीम होती, तिच्यासाठी गोळा केलेल्या असंख्य नमुन्यांतला हा एक. त्याने झाड अचूक ओळखलं आणि कुठून काय घेतलं ते नीट लिहून ठेवलं, म्हणून त्याच जातीची साल पुन्हा आणता आली. टॅक्सॉलच्या यशाच्या कथेत त्याचं नाव क्वचितच येतं.

झाड म्हणजे आपली नरक्या. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात दाखवून दिलं, की कॅम्प्टोथेसिन नरक्यात भरपूर आहे. अप्रतिम रसायनशास्त्र. पण पुढच्या काही दशकांत सह्याद्रीतली नरक्या ट्रक भरभरून गेली. सातारा-कोल्हापूरच्या घाटात आणि कोकणात वनखात्याला तस्करीच्या मागे धावावं लागलं. लाकडाचा भुगा करायचा, पोती भरायची, रात्रीत माल बाहेर. मी घाटात फिरतो तेव्हा जुन्या खोडांना फुटलेले बारीक धुमारे दिसतात. मोठं, फळावर आलेलं झाड दिसलं तर थांबून बघावंसं वाटतं, इतकं ते विरळ झालंय.

दोष त्या शास्त्रज्ञांचा नाही. माझं म्हणणं इतकंच, की गौरव करताना 'त्या वनस्पतीचं पुढे काय झालं' हा प्रश्न विचारला जावा. टॅक्सॉलच्या बाबतीत फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने युरोपातल्या यूच्या पाल्यातून मिळणाऱ्या घटकापासून अर्धसंश्लेषणाची, म्हणजे उरलेलं औषध प्रयोगशाळेत जोडून बनवायची, वाट काढली. पाला पुन्हा फुटतो, सोललेलं झाड मरतं. त्या कामालाही मी टॅक्सॉलच्या शोधाइतकाच मान देईन.

सूक्ष्मदर्शी

मी एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर येणारी माणसं वेगळी आहेत.

अशोकाचं उदाहरण घ्या. अशोकारिष्टात सीता अशोकाची साल लागते. बाजारात अशोक साल म्हणून कित्येकदा आसुपालवाची साल येते, म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाशी उंच सरळ उभं असतं त्या झाडाची. वाळवून तुकडे केले की नवख्याला फरक कळत नाही. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी येते, दारुहळद म्हणून भलत्याच वेलाचं खोड येतं. शंखपुष्पी म्हणून तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणतो.

हे पकडणारी माणसं असतात. आमच्या स्टोअरला एक काका होते, आता निवृत्त झाले. पोत्यात हात घालून तुकडा मोडायचे, वास घ्यायचे, जिभेला लावायचे आणि म्हणायचे, 'बाई, हा लॉट नीट बघून घ्या.' मग आम्ही काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचो, पट्टीवर पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करून सालीतली द्रव्यं वेगळी करून बघायचो, आणि काकांची शंका बहुतेक वेळा खरी निघायची. माल परत पाठवला की खरेदी विभाग नाराज, पुरवठादार नाराज, उत्पादन थांबलं म्हणून वरचे नाराज. त्या दिवशी 'नाही' म्हणणाऱ्यामागे कोणीही उभं राहत नाही. आणि बाटली विकत घेणाऱ्या बाईला कधी कळतही नाही, की तिच्या औषधात योग्य साल पडावी म्हणून कोणीतरी कोणाचा तरी राग ओढवून घेतला होता.

खलबत्ता, तुमच्या मापात हे काका चपखल बसतात. शोधनिबंध एकही नाही. पण त्यांच्या शब्दावर विसंबून वैद्याने औषध लिहावं, असं काम.

पाषाण_रोड

पुण्यात कार्यक्रम होतोय आणि अजून एनसीएलचं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, नाव आलं नाही, म्हणून लिहितो.

रसायनशास्त्रज्ञ सुख देव १९६० ते १९७४ इथे सेंद्रिय रसायन विभागात होते. टर्पीन या गटातल्या रसायनांवरचं त्यांचं काम जगभर वाखाणलं गेलं आणि १९६४ साली भटनागर पुरस्कार मिळाला. मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते गुग्गुळ या औषधी डिंकावरचं काम. १९७२ साली पाटील, नायक आणि देव यांनी गुग्गुळातली स्टेरॉइड वर्गातली द्रव्यं वेगळी काढून त्यांच्या रचना प्रसिद्ध केल्या. गुगुलस्टेरोन हे नाव आज पूरक आहाराच्या डब्यांवर दिसतं, त्याची पाळंमुळं पाषाण रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत आहेत.

पण गुग्गुळाची गोष्ट पुण्यात सुरू झाली नाही. ती सुरू झाली बनारसला. जी. व्ही. सत्यवती या विद्यार्थिनीने सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचलं. अति मेद, मग मार्गांचा अवरोध, मग उपद्रव. रक्तातली चरबी आणि धमन्या कठीण होणं यांच्याशी हे जुळतंय असं तिला वाटलं. तिने सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुगुलिपिड हे गुग्गुळाचं औषध तयार झालं आणि ऐंशीच्या दशकात बाजारात आलं. त्याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

जुना ग्रंथ वाचून त्यातून तपासता येईल असा प्रश्न काढणं ही दुर्मीळ हातोटी आहे. ग्रंथाला नुसता नमस्कार करणारे आणि न वाचताच तो बाजूला सारणारे, दोन्ही पुष्कळ भेटतात.

पुरावा_द्या

पाषाण_रोड, सत्यवतींबद्दल आदर आहे. पण गोष्ट पूर्ण सांगायला हवी. २००३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली एक नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गुगुलिपिडने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी झालं नाही, उलट किंचित वाढलं, आणि काहींना अंगावर पुरळ आलं. मग आपण नेमका कशाचा गौरव करणार?

राग मानू नका. घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या एका वाक्यावर माणसं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, बंद करतात आणि त्याचं काय होतं ते मी बघितलंय. अशा समारंभांतून त्या वाक्याला बळ मिळू नये एवढीच माझी कळकळ.

पाषाण_रोड

राग कसला? तुम्ही म्हणता ती चाचणी मी वाचली आहे आणि तिचा उल्लेख समारंभात व्हावा, असंच मलाही वाटतं. खाणंपिणं वेगळं, लोक वेगळे, मात्रा वेगळ्या, असे मुद्दे त्यावर मांडले गेले. ते असोत. पण सत्यवतींनी प्रश्न अशा रीतीने मांडला, की चाळीसेक वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या लोकांना तो तपासता आला आणि प्रतिकूल उत्तर छापता आलं. ज्या दाव्याला खोटं ठरण्याची सोयच नसते, त्याला मी विज्ञान म्हणणार नाही. म्हणून उत्तर काहीही आलं तरी त्यांचा मान माझ्या मनात तसूभरही कमी होत नाही.

आणि रानवाट यांचा प्रश्न इथेही लागू आहे. डिंक जास्त यावा म्हणून बेताल चिरा पाडल्या की गुग्गुळाचं झुडूप वाळून जातं. राजस्थान-गुजरातेतली ही वनस्पती आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

खलबत्ता (धागाकर्ता)

पुरावा_द्या, तुमचा मुद्दा मनापासून पटला. आम्ही ठरवतोय, की ज्याच्या कामाचा गौरव करायचा त्या कामावरचे आक्षेपही मानपत्रातच लिहायचे. निवृत्त बाईंना ही कल्पना फार आवडली. त्या म्हणाल्या, 'खऱ्या शास्त्रज्ञाला असं मानपत्र जास्त आवडेल.'

सूक्ष्मदर्शी ताई, त्या काकांना विचाराल का? नाव इथे लिहू नका, मला निरोप पाठवा.

निंबोणी

पेटंटच्या लढायांचा उल्लेख राहिला. हळदीचं सर्वांना माहीत आहे. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ साली दिलं गेलं, माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहण्यामागे हीच ठिणगी होती. माशेलकर आधी एनसीएलचेच संचालक, त्यामुळे पुण्याला त्याचं कौतुक आहेच.

कडुनिंबाच्या लढाईतला पुण्याचा धागा मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. निंबोळी तेलाने पिकावरची बुरशी आटोक्यात आणण्याचं युरोपीय पेटंट अमेरिकी कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांच्या नावावर होतं. विरोधाच्या सुनावणीत अभय फडके यांची साक्ष झाली. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबोळी अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या, म्हणजे पेटंटच्या अर्जाआधीच. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ साली अपीलही फेटाळलं गेलं. आपल्याच शेतांत केलेलं साधं फवारणीचं काम म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून उभं राहिलं! ज्या शेतकऱ्यांनी आपलं रान त्या चाचण्यांना दिलं, त्यांचीही आठवण त्या दिवशी काढा.

जुन्नरी

धागा पहिल्यापासून वाचतोय. आता आमच्याकडचं सांगतो.

त्रिफळा तुम्ही सगळे वापरता. त्यातला हिरडा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या अंगाने भरपूर. पण आमची खरी कमाई बाळहिरड्याची. फळात आठळी धरायच्या आत ते गोळा करायचं आणि काळं कडक होईस्तोवर उन्हात वाळवायचं. घरातले सगळे त्यात असतात. म्हातारी माणसं खाली पडलेला वेचतात, पोरं झाडावर चढतात. फांदी निसटली की माणूस जायबंदी होतो. भात पोटापुरता होतो, रोख पैसा हिरड्याचा. पोरांची शाळा, लग्नं, दवाखाना, सगळं त्यावर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमची हिरड्याची झाडं उन्मळून पडली. एक झाड वाढायला पिढी जाते. भरपाईसाठी माणसांना मोर्चे काढावे लागले, वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले.

तुमच्या समारंभाला आमच्याकडच्या एखाद्या मावशीला बोलवून शाल द्याल, फोटो काढाल. ती येईल, आनंदानेच येईल. पण मी स्पष्ट लिहितो. त्याच हॉलमध्ये बसलेल्या उत्पादकाने त्या दिवशी सांगावं, की तो बाळहिरडा कोणाकडून घेतो आणि किलोमागे गोळा करणाऱ्याच्या हातात किती पडतात. तेवढं झालं तर शालीला अर्थ आहे.

वैद्य_रास्ता_पेठ

जुन्नरी भाऊ, तुमचं म्हणणं आमच्यासारख्यांना लागायलाच हवं. मी रोज हरीतकी, म्हणजे तुमचा हिरडाच, लिहून देतो.

याचं एक उत्तर केरळात शोधलं गेलं आहे. १९८७ साली अगस्त्य पर्वतावर शास्त्रज्ञांची तुकडी गेली होती. बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे कसलीशी फळं खात होते आणि थकत नव्हते. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. डॉ. पुष्पांगदन आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर अभ्यास केला, तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानात 'जीवनी' हे औषध तयार झालं आणि ते बनवण्याचा परवाना कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक औषधशाळेला दिला गेला. परवान्याची रक्कम आणि स्वामित्वधन यांतला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचं ठरलं. पुढे अडचणी बऱ्याच आल्या. लागवड, वनखात्याची परवानगी, काणींमधलेच मतभेद. पण जैवविविधता कायदा २००२ साली आला, त्याच्या आधी हे घडलं होतं, म्हणून पुष्पांगदन यांचं नाव मी पहिल्या पाचांत घालीन. त्याच काणी समाजातल्या लक्ष्मीकुट्टी अम्मांना विषचिकित्सेसाठी २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या ज्ञानाला देशाने नावानिशी मान दिला, हे मला फार मोठं वाटतं.

खलबत्ता, मानपत्रात वनस्पती कोठून आली आणि कोणी दाखवली हे पहिल्या ओळीत लिहायचं, असा नियम करता येईल का?

रानवाट

वैद्यबुवांना अनुमोदन. आणखी एक नाव राहतंय. वा. द. वर्तक. आज आघारकर संस्था म्हणतो त्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. माधव गाडगीळांबरोबर त्यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ साली दोघांनी तो निबंधरूपाने मांडला. मुळशी, भोर, वेल्ह्याच्या देवराया त्याआधी गावकऱ्यांच्या श्रद्धेवर टिकून होत्या. तिथे काय काय शिल्लक आहे, हे शास्त्राच्या भाषेत त्यांनी लिहून ठेवलं. त्यातून एकाही औषधाची बाटली निघाली नाही. पण बी-बियाणं जिथून आणायचं ती जागाच गेली, तर बाकी सगळे काय करणार?

वनस्पती ओळखून त्यांची नीट वर्गवारी करणाऱ्या वर्गीकरणशास्त्राला आपल्याकडे कोणी विचारत नाही. केंद्र सरकारने १९९९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांच्या नावाने या विषयासाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, तेवढाच आधार. तुमच्या यादीत हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहात, काम करणारा एक तरी माणूस हवाच. कोरेगाव पार्कजवळच्या बीएसआयमध्ये (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) चौकशी करा, मी बरोबर येतो.

सूक्ष्मदर्शी

काकांशी बोलले. आधी नको नको म्हणाले. मग म्हणाले, 'हारतुरे नकोत. पण पोरं येणार असतील तर खऱ्या-खोट्या सालींचे तुकडे घेऊन बसतो, दाखवतो.' मला वाटतं, त्यांचा सत्कार असाच व्हावा. भाषणाऐवजी एक टेबल, आणि भोवती फार्मसी-आयुर्वेदाचे विद्यार्थी.

खलबत्ता (धागाकर्ता)

ताई, टेबल नक्की. स्टेजच्या शेजारीच ठेवू.

आज पुन्हा बसलो होतो. स्मरणात वाणी, सत्यवती, वर्तक. सत्कारासाठी काका, हर्बेरियममधले एक जण (रानवाट, रविवारी फोन करतो) आणि जुन्नर-आंबेगावातल्या हिरडा गोळा करणाऱ्या एक मावशी. मालकांपैकी एकच नाव ठेवलंय, आमच्यातल्याच कारखानदारांनी सुचवलेलं. ते गृहस्थ कच्चा माल थेट गावातून घेतात आणि दर सांगायला तयार आहेत. बाकीच्या उत्पादकांनाही निमंत्रणातच जुन्नरी यांचा प्रश्न लिहून पाठवणार आहोत. उत्तर देणाऱ्यांना बोलायला वेळ देऊ. वैद्यबुवांचा पहिल्या ओळीचा नियमही मंजूर.

तारीख एप्रिलचा तिसरा रविवार?

जुन्नरी

एप्रिलमध्ये आमच्याकडचं कोणी येणार नाही, दादा. बाळहिरड्याचा हंगाम ऐन भरात असतो, एक दिवस बुडला तर तेवढी मजुरी गेली. पाऊस लागला की भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. डिसेंबर धरा.

खलबत्ता (धागाकर्ता)

डिसेंबर धरला. पहिल्या दोन रविवारांपैकी ज्या दिवशी हॉल मिळेल तो. मावशींना यायला घोडेगावहून गाडी आमच्याकडून, आणि त्यांच्याबरोबर गावातलं आणखी जे कोणी येऊ शकेल ते सगळे. किती जण येतील तेवढं दिवाळीनंतर कळवा.